मान, डोळे आणि खांदे : एका हळुवार व्यायामाची कुळकथा



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती, प्रवासवर्णन, हळदीकुंकवाचा वृत्तान्त आणि वर्षाचा अहवाल असतोच. यंदा कार्यकारिणीने सुचविले की, गुरुवारी दुपारी आपण मान, डोळे आणि खांदे यांचा जो हळुवार व्यायाम करतो, तो मुळात कोठून आला, कोणी काढला, याची माहिती कोणीतरी लिहावी. हे काम माझ्या वाट्यास आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी पुस्तकांतला मजकूर थोरल्या मुलीने वाचून मराठीतून समजावून दिला, आणि मी तो माझ्या समजुतीप्रमाणे येथे मांडीत आहे.

आपल्यापैकी काही जणी या तासाला थट्टेने 'झोपेचा तास' म्हणतात. त्यांचा दोष नाही. व्यायाम म्हटला की घाम आला पाहिजे, अंग दुखले पाहिजे, अशीच आपली लहानपणापासूनची समजूत. येथे तर शिकविणारी सांगते, "अर्धेच वळा, जोर लावू नका, मध्ये थांबा." मग हा व्यायाम कसला? या प्रश्नाचे उत्तर या व्यायामाच्या इतिहासातच आहे.

आधी आपले दुखणे काय आहे ते पाहू. भाजी चिरताना, धान्य निवडताना, फॉल-बिडिंग करताना, मुलांचा अभ्यास घेताना, आणि अलीकडे मोबाइल पाहताना, आपली नजर हातभर अंतरावर एकाच जागी खिळलेली असते. नजरेमागून डोके पुढे झुकते. माणसाच्या डोक्याचे वजन साडेचार-पाच किलो भरते. एवढे ओझे पुढे कलले की ते सावरून धरण्याचे काम मानेमागच्या स्नायूंना करावे लागते, आणि त्यांच्या मदतीला म्हणून खांदे हळूच कानांकडे वर चढतात. हे आपल्याला कळतही नाही. अशी वीस-पंचवीस वर्षे गेली की डोळे, डोके आणि खांदे ही तीन निराळी अंगे न राहता एकच गठ्ठा होऊन बसतो. मागून कोणी हाक मारली तर नुसती मान वळत नाही. बैलगाडी वळवावी तसे सबंध अंग वळवावे लागते. हा गठ्ठा सोडवायचा आणि तिन्ही अंगांची पुन्हा नीट ओळख करून द्यायची, एवढेच या व्यायामाचे काम आहे.

कवाईतीचा काळ

युरोपात एकोणिसाव्या शतकात व्यायाम म्हणजे कवाईत असे. स्वीडन देशात पेर हेन्रिक लिंग नावाच्या गृहस्थांनी 1813 साली स्टॉकहोम येथे व्यायामाची मोठी संस्था काढली. त्यांची पद्धत पुढे इंग्लंडच्या शाळांतूनही पसरली. एकाने हुकूम द्यावयाचा आणि सर्वांनी एकदम हात वर, हात खाली करावयाचे. आपण शाळेत पटांगणावर 'एक, दोन, तीन, चार' करीत असू, त्याचीच ही बहीण म्हणा. तिचा उपयोग नव्हता असे नाही. पण तीत ज्याचे त्याचे अंग काय सांगते, हे विचारण्यास जागा नव्हती. ज्याचा खांदा दुखतो त्यानेही इतरांइतकाच हात वर न्यावयाचा.

याहून निराळी वाट ज्यांनी शोधली, त्यांच्यात एक गोष्ट सारखी दिसते. ही माणसे स्वतः आजारी किंवा अधू झालेली होती, आणि औषधोपचारांनी त्यांचे भागत नव्हते. म्हणून त्यांना आपल्या अंगाकडे स्वतःच लक्ष द्यावे लागले.

आरशापुढचा नट

पहिले फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर. त्यांचा जन्म 1869 साली ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर झाला. रंगमंचावर उभे राहून नाटकांतील उतारे म्हणून दाखविणे हा त्यांचा व्यवसाय. ऐन उमेदीत त्यांचा आवाज बसू लागला. विश्रांती घेतली की आवाज सुटे. पुन्हा रंगमंचावर उभे राहिले की बसे. तेव्हा त्यांनी आरसे मांडून, बोलताना आपण काय करतो हे स्वतःच न्याहाळण्यास आरंभ केला. हे काम त्यांनी चिकाटीने दीर्घकाळ केले. त्यांना असे दिसले की, बोलण्यास सुरुवात करताच आपण डोके मागे आणि खाली ओढतो, त्यामुळे गळा दबतो. ती सवय मोडण्याची रीत त्यांनी बसविली. 1904 साली ते लंडनला गेले, आणि 1955 साली मरेपर्यंत तीच रीत इतरांस शिकवीत राहिले. डोके मानेवर कसे बसले आहे यावर साऱ्या शरीराची चाल अवलंबून असते, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा.

बर्लिनच्या गिंडलरबाई

दुसरे नाव एका बाईचे आहे, आणि महिला मंडळाच्या अंकात ते मुद्दाम नोंदविले पाहिजे. एल्सा गिंडलर यांचा जन्म 1885 सालचा, बर्लिन शहरातला. त्या व्यायाम शिकवीत. तरुणपणीच त्यांना क्षयाने गाठले. त्या काळी क्षयावर खात्रीचे औषध नव्हते. श्रीमंतांनी डोंगरावरच्या आरोग्यधामात जावे, गरिबांनी देवावर हवाला ठेवावा, अशी स्थिती. गिंडलरबाईंना तो खर्च झेपणारा नव्हता. त्यांच्या शिष्या सांगत की, त्या घरीच राहून आपल्या श्वासाकडे बारकाईने लक्ष देऊ लागल्या, आणि दुखऱ्या फुप्फुसाला विसावा मिळेल अशा बेताने श्वास घेण्यास शिकल्या. त्यातून त्या बऱ्या झाल्या. क्षय अशाने बरा होतो असे कोणी समजू नये. आज त्यावर औषध आहे आणि ते पूर्ण मुदतीपर्यंत घेतलेच पाहिजे. परंतु त्या आजारातून गिंडलरबाईंच्या शिकविण्याची दिशा बदलली, हे खरे.

त्यांनी हुकूम देणे सोडून दिले. त्या विद्यार्थिनींना नुसते विचारीत : उभे राहताना वजन कोठे पडते आहे? खुर्चीवरून उठताना श्वास कोंडला जातो काय? प्रत्येकीने स्वतः शोधावयाचे आणि स्वतःच सांगावयाचे. आपल्या पद्धतीला त्यांनी नावसुद्धा दिले नाही. हिटलरच्या राजवटीत त्या बर्लिनमध्येच राहिल्या आणि छळ होत असलेल्या ज्यू लोकांना त्यांनी मदत केली. 1945 साली, महायुद्धाच्या अगदी अखेरीस, त्यांची शाळा आणि तेथे ठेवलेले कागदपत्र जळून गेले. वर्षानुवर्षांचे टिपण नाहीसे झाले. तरी त्या पुन्हा शिकवू लागल्या, आणि 1961 साली वारल्या. त्यांच्या एक शिष्या, शार्लोट सेल्व्हर, यांनी हे शिक्षण अमेरिकेत नेले. हाइनरिख याकोबी नावाचे संगीताचे शिक्षक त्यांचे सहकारी होते. या याकोबींची गाठ पुढे ज्यांच्याशी पडली, तेच आपल्या गुरुवारच्या व्यायामाचे जनक.

गुडघा मोडलेला शास्त्रज्ञ

त्यांचे नाव मोशे फेल्डेनक्राइस. जन्म 6 मे 1904, आज युक्रेनमध्ये असलेल्या स्लावुता गावी, ज्यू कुटुंबात. चौदा वर्षांचे असताना, म्हणजे 1918 साली, घरदार सोडून ते पॅलेस्टाइनकडे निघाले. आपल्याकडे चौदा वर्षांच्या मुलाला एकट्याने दुसऱ्या गावी पाठविताना आईचा जीव खालीवर होतो. येथे तर पहिले महायुद्ध जेमतेम संपत आलेले! तेल अवीव शहराच्या बांधकामावर त्यांनी मजुरी केली, मागाहून शाळा पुरी केली, मोजणी खात्यात नकाशांचे काम केले. गणितात कच्च्या असलेल्या मुलांना ते शिकवीत. फावल्या वेळात कुस्तीचे डावपेच आणि फुटबॉल. 1929 साली या फुटबॉलपायीच त्यांचा गुडघा जायबंदी झाला. ही इजा त्यांना जन्मभर पुरली.

1930 साली ते पॅरिसला गेले. तेथे इंजिनिअर झाले, आणि नंतर फ्रेडरिक जोलिओ-क्यूरी यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. मादाम क्यूरींची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. जोलिओ हे त्यांचे जावई. त्यांना आणि त्यांच्या पत्नी इरेन यांना 1935 साली नोबेल पारितोषिक मिळाले. अशा थोरांच्या हाताखाली फेल्डेनक्राइस वावरत होते.

पॅरिसमध्येच त्यांना आणखी एक गुरू लाभले. ज्यूदो ही जपानी विद्या स्थापन करणारे जिगोरो कानो 1933 साली तेथे आले होते. कमीत कमी बळ वापरून जास्तीत जास्त काम साधावे, हे कानोंचे मुख्य सूत्र. समोरच्याच्या जोराला जोराने उत्तर द्यावयाचे नाही. फेल्डेनक्राइस ज्यूदो शिकले, त्यात त्यांनी काळा पट्टा मिळविला, आणि फ्रान्समध्ये या विद्येचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होऊ लागली. पुढे त्यांनी जो व्यायाम बसविला त्यात कानोंचे हे सूत्र पदोपदी दिसते.

1940 साली जर्मन फौजा पॅरिसवर चालून आल्या तेव्हा ते इंग्लंडला निसटले. तेथे इंग्रजांच्या आरमाराने त्यांना स्कॉटलंडमध्ये पाणबुड्या हुडकण्याच्या संशोधनावर नेमले. त्या धावपळीत गुडघा फारच बिघडला. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचविली, पण ती यशस्वी होईल अशी खात्री कोणी देईना. फेल्डेनक्राइस यांनी ठरविले, खात्री नाही तर शस्त्रक्रियाही नको. आपण शास्त्रज्ञ आहोत, तर हा गुडघा बिघडतो कधी आणि बरा राहतो कधी, हे आपणच तपासू.

त्यांनी लिहून ठेवलेली एक हकीकत मोठी नवलाची आहे. एकदा दुखऱ्या पायाला जपत, चांगल्या पायावर लंगडत जात असता ते घसरले, आणि चांगलाच पाय दुखावला. आता मुळीच उभे राहता येणार नाही, अशा समजुतीने ते झोपी गेले. पण उठून पाहतात तो, इतके दिवस भार न घेणारा मोडका पाय थोडाफार भार घेऊ लागलेला! एका रात्रीत गुडघ्याचे हाड तर जुळले नव्हते. मग बदलले काय? मेंदूची त्या पायाला वापरण्याची तऱ्हा बदलली. दुसरा पाय भरवशाचा राहिला नाही असे दिसताच, अडवून ठेवलेल्या पायाला मेंदूने मोकळीक दिली. दुखण्याचा निम्मा भाग इजेत असतो, तर उरलेला तिला जपण्याच्या सवयीत असतो, हे त्यांना येथे उमगले.

मग त्यांनी शरीरशास्त्राची पुस्तके वाचून काढली. त्यांच्या पत्नी योना मुलांच्या डॉक्टर होत्या. तान्ही मुले कशी कुशीवर वळतात, मान धरतात, रांगतात, हे त्यांनी लक्षपूर्वक पाहिले. मूल पालथे पडावयास शिकते तेव्हा त्याला कोणी हुकूम देत नाही. ते कशाकडे तरी पाहते, नजरेमागून डोके वळते, डोक्यामागून खांदा येतो, आणि एके दिवशी अवचित सारे अंग उलटते. आपण आया हे रोज पाहतो आणि कौतुकाने चार जणींना सांगतो. फेल्डेनक्राइस यांनी त्यातून शास्त्र काढले. स्कॉटलंडमध्ये आपल्या सहकाऱ्यांपुढे त्यांनी याविषयी व्याख्याने दिली, आणि 1949 साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

जोर का लावावयाचा नाही?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या साऱ्या विचारात दोन जुन्या शास्त्रज्ञांचा आधार होता.

एक, जर्मनीतील एर्न्स्ट वेबर. हे एकोणिसाव्या शतकातले. त्यांनी असे दाखविले की, हातात ओझे जितके जड, तितका त्यातला लहानसा फरक आपल्याला कमी कळतो. घरचे उदाहरण घ्या. डोळे मिटून रिकाम्या तळहातावर कोणी तुळशीचे पान ठेवले तर लगेच कळेल. पण पाण्याने भरलेली कळशी हाती असताना तिच्यात तेच पान टाकले, तर काही पत्ता लागणार नाही. अंगाचेही तसेच. दात आवळून, ताणून मान वळविली तर आत काय चालले आहे हे कळणारच नाही. कोणता स्नायू उगीचच धरून ठेवला आहे ते समजले नाही, तर तो सोडणार कसा? म्हणून जोर कमी करावयाचा. 'हळू करा' हे आळशी माणसाचे सांगणे नव्हे. कान देऊन ऐकावयाचे तर आधी गलबला थांबवावा लागतो, तसे हे आहे.

दुसरे रुडॉल्फ माग्नुस. हॉलंडमधील उट्रेक्ट येथे त्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून 1924 साली मोठा ग्रंथ लिहिला. शरीर तोल कसा सावरते याचा शोध त्यांनी घेतला. डोके जसे वळेल तसा साऱ्या धडाचा आणि पायांचा ताण बदलतो, असे त्यांनी दाखविले. मांजर पडताना आधी डोके सरळ करते आणि मागून अंग येते, ते याचमुळे. आणि डोके बव्हंशी कोणाच्या मागे जाते? डोळ्यांच्या. पाहणे, ऐकणे, वास घेणे, सारी साधने डोक्यात आहेत. तेव्हा डोक्याला त्यांच्या मागे जावेच लागते.

याचा पडताळा बसल्या जागी घेता येतो. दोन्ही हातांची बोटे मानेच्या मागे, कवटी जेथे संपते तेथे, हलकेच टेकवा. डोळे मिटा. डोके न हलविता मिटल्या पापण्यांआड बुबुळे डावीकडे आणि उजवीकडे न्या. बोटांखाली बारीकशी हालचाल जाणवेल. डोळे हलले की मान वळावयास सज्ज होते. म्हणून नजर दिवसभर एके जागी खिळली की मानही खिळते.

तेल अवीवचा वर्ग

महायुद्धानंतर काही वर्षांनी फेल्डेनक्राइस इस्राएलला परतले. हा देश 1948 साली स्थापन झाला. आपल्या कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, बेने इस्राएल मंडळी, ज्यांना गावात शनवार तेली म्हणत, त्यांच्यातील पुष्कळ कुटुंबे तेथेच जाऊन वसली. तेव्हा तो देश आपल्याला अगदीच परका नाही. तेल अवीवमध्ये अलेक्झांडर यानाई नावाच्या रस्त्यावर एका दालनात ते वर्ग घेत. जमिनीवर चटया घालून सामान्य गृहस्थ, बायका, म्हातारीकोतारी पडून राहावयाची, आणि ते सांगतील तशा लहान लहान हालचाली करावयाची. आपण स्वतः करून दाखवावयाचे नाही, हा त्यांचा नेम. करून दाखविले की माणूस नक्कल करतो, स्वतः शोधीत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्या वर्गातील साडेपाचशेच्या आसपास पाठ पुढे जपून ठेवण्यात आले.

त्यांची कीर्ती झाली ती मात्र एका बड्या शिष्यामुळे. इस्राएलचे पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन यांना पाठदुखीने हैराण केले होते. सत्तरी उलटलेली, त्यात राज्यकारभाराचा ताण. फेल्डेनक्राइस यांनी त्यांना शिकविण्यास घेतले. हेर्झलिया येथे समुद्रकाठच्या वाळूत पंतप्रधान खाली डोके वर पाय करून उभे आहेत, असे 1957 सालचे छायाचित्र जगभर गाजले. त्यामागे अर्थात पुष्कळ दिवसांचे लहान लहान पाठ होते. कोणी एकदम डोक्यावर उभे राहावयास जाऊ नये.

छायाचित्र पंतप्रधानांचे निघाले. पण ही विद्या पुढे नेण्याचे काम बऱ्याच अंशी स्त्रियांनी केले. मिया सेगल या वर्षानुवर्षे त्यांच्या पहिल्या मदतनीस होत्या. 1969 ते 1971 या काळात त्यांनी तेल अवीवमध्ये शिक्षकांची पहिली तुकडी तयार केली, तीत रुथी अलोन, गॅबी यारोन यांच्यासारख्या स्त्रिया होत्या. त्यांनी नंतर देशोदेशी जाऊन शिकविले. 1972 साली फेल्डेनक्राइस यांच्या बारा पाठांचे पुस्तक इंग्रजीत आले, आणि त्यातील एक पाठ डोळ्यांच्या हालचालीने सारे शरीर कसे वळते यावरच आहे. 1975 पासून सॅन फ्रान्सिस्कोत, आणि 1980 पासून अमेरिकेतल्याच अ‍ॅमहर्स्ट येथे त्यांनी मोठे वर्ग घेतले. अ‍ॅमहर्स्टचा वर्ग पुरा होण्याआधीच ते आजारी पडले. उरलेले शिक्षण शिष्यांनी पुरे केले. 1 जुलै 1984 रोजी तेल अवीवमध्ये त्यांचे निधन झाले.

तो पाठ कसा असतो

आपण करतो ती खुर्चीवरची सोपी रीत येथे लिहिते, म्हणजे घरीही करता येईल.

खुर्चीच्या पुढच्या अंगाला बसावे, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. सावकाश उजवीकडे वळून पाहावे. जेथवर सहज जाता येईल तेथवरच. समोर भिंतीवर काय दिसते, खिळा, कॅलेंडर, खिडकीची चौकट, ते लक्षात ठेवून परत यावे.

मग डोके उजवीकडे नेताना डोळे डावीकडे न्यावे. प्रथम गोंधळ उडतो आणि हसू येते. चार-पाच वेळा केले की जमू लागते. थोडे थांबावे.

नंतर डोके आणि नजर समोर ठेवून नुसते खांदे उजवीकडे वळवावे. दुधाचे पातेले विरजताना जेवढ्या अलगद हलवितो, तेवढ्याच अलगद. पुढे खांदे उजवीकडे जाताना डोके डावीकडे न्यावे. पुन्हा विसावा. श्वास कोंडला आहे का, जीभ टाळूला आवळली आहे का, ते पाहावे.

शेवटी पहिल्यासारखे सारे एकत्र उजवीकडे वळावे. पुष्कळ जणींना खिळ्याच्या पलीकडले काहीतरी दिसते. ताणले नाही, ओढले नाही, तरी मान अधिक वळली. डावी बाजू मुद्दाम मागाहून करावी, म्हणजे दोहोंतला फरक कळतो. गठ्ठा सुटला की प्रत्येक अंग आपापले काम करते, आणि एकट्या मानेवर बोजा पडत नाही. एकत्र कुटुंबात सर्व कामे एकाच सुनेवर पडली की ती वाकते, आणि वाटून दिली की कोणालाच जड जात नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

कोणी म्हणेल, हे आपल्या योगात नाही काय? आहे. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली कैवल्यधाम स्थापन केले. तेथील अभ्यासात ब्रह्ममुद्रा आहे, आणि तीत ब्रह्मदेवाच्या चार मुखांप्रमाणे मान चारी दिशांना संथपणे वळवितात. दोन्हींत घाई वर्ज्य. फरक इतकाच की, येथे डोळे, डोके आणि खांदे एकमेकांविरुद्ध नेऊन जुनी सवय चकविली जाते, आणि कोणतीही ठरलेली स्थिती गाठावयाची नसते.

याने काय होते, काय होत नाही

कोणत्याही गोष्टीची वाजवीपेक्षा अधिक स्तुती केली की तिचाच तोटा होतो. म्हणून दुसरी बाजूही सांगते. या व्यायामाने चष्म्याचा नंबर उतरत नाही, मोतीबिंदू जात नाही, मणक्याची झीज भरून येत नाही. यावर जे अभ्यास झाले त्यांत म्हाताऱ्या माणसांचा तोल सुधारण्यासारखे काही आशादायक आढळले. पण बरेचसे अभ्यास लहान आहेत. ऑस्ट्रेलिया सरकारने अनेक पर्यायी उपचारांची छाननी करून 2015 साली अहवाल प्रसिद्ध केला. त्यात या पद्धतीविषयी पुरेसा स्पष्ट पुरावा नाही असे ठरले, आणि 1 एप्रिल 2019 पासून तेथील खाजगी आरोग्यविम्यातून ती वगळली गेली. तेव्हा याला औषध समजू नये. फेल्डेनक्राइस स्वतःही आपल्याकडे येणाऱ्यांना विद्यार्थी म्हणत आणि शिकविण्याला पाठ म्हणत.

ज्यांच्या हातांना मुंग्या येतात, हातातले बळ कमी झाले आहे, मान वळविताच चक्कर येते, किंवा पडल्या-झडल्यानंतर मान दुखते आहे, त्यांनी प्रथम डॉक्टरांस दाखवावे. कोणतीही हालचाल दुखू लागली की तेथेच थांबावे.

मग एवढ्या मर्यादा असता हा तास मंडळाने चालू का ठेवावा? गेल्या महिन्यात खर्चाचा विचार चालू असता हा प्रश्न निघाला होता, आणि तो रास्त आहे. दालनाचे भाडे तेवढेच लागते, आणि दर गुरुवारी आठ-दहा जणीच येतात. मला जे वाटते ते मांडते.

आपण बायका दुखणे अंगावर काढतो, आणि लोक त्याची तारीफ करतात. 'ती कधी कुरकुरत नाही' हे आपल्याकडे मोठे प्रशस्तिपत्र. पण वर ज्यांची हकीकत आली, त्यांतील एकानेही दुखणे अंगावर काढले नाही. अलेक्झांडर आवाज बसला म्हणून आरशापुढे उभे राहिले, गिंडलरबाईंनी एकेका श्वासाकडे लक्ष दिले, फेल्डेनक्राइस यांनी आपल्या गुडघ्याचा हिशेब ठेवला. आपले अंग काय सांगते हे ऐकणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. म्हणून तर त्यातून जगाच्या कामी येणारे काहीतरी निघाले. त्यांच्यापाशी नव्हती अशी एक सोय आपल्यापाशी आहे. आपण दहा जणी एकत्र बसू शकतो. घरी चटई घातली की कोणी ना कोणी हाक मारतेच. मंडळाच्या दालनात एक तास कोणी हाक मारीत नाही. या तासाचे मोल भाड्याशी ताडून पाहताना, बाईला दिवसातून असा वेळ दुसरीकडे कोठे मिळतो, तेही मोजावे.

सर्वसाधारण सभेत या गोष्टीचा विचार व्हावा, आणि एरवी न येणाऱ्या भगिनींनी मत देण्यापूर्वी निदान दोन गुरुवार येऊन पाहावे, अशी माझी विनंती आहे. चटई घरून आणावी.